'म्योबेल' म्हणजे फक्त फर्निचर का? जरा सविस्तर सांगते

प्रश्न असा होता की क्लासमध्ये "डी म्योबेल म्हणजे फर्निचर" एवढं पाठ करून पुढे गेलो, पण आता जर्मनीत घर शोधताना म्योब्लिएर्ट, इमोबिलिएन, हाउसराट असे शब्द दिसतायत, हे सगळे एकाच घरातले आहेत का, आणि मुळात हा शब्द आला कुठून. मी पुण्यात बावीस वर्षं जर्मन शिकवतेय, सोबत कागदपत्रांची भाषांतरं करते, आणि हा शब्द माझा फार लाडका आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी उच्चार, कारण तिथेच बरेच जण अडकतात. आपल्याकडे तो स्वर नाहीच, म्हणून कोणी मोबेल म्हणतं, कोणी मेबेल, कोणी म्योबेल. मी वर्गात एवढंच सांगते की तोंडाच्या आत 'ए' म्हणायचा आणि ओठ मात्र 'ओ' म्हणताना करतो तसे गोल ठेवायचे, 'य' कुठेच येऊ द्यायचा नाही. देवनागरीत लिहिताना म्योबेल लिहावं लागतं, नाइलाज आहे, पण बोलताना तो 'य' गिळून टाका.

आता अर्थ. मराठीत याला नेमका शब्द आहे आणि तो 'फर्निचर' नाही, तो आहे 'जंगम'. सातबारा, खरेदीखत, मृत्युपत्र यांच्याशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना 'स्थावर-जंगम मालमत्ता' ही जोडी पाठ असते. स्थावर म्हणजे जागचं न हलणारं, जमीन, घर, विहीर, आणि जंगम म्हणजे हलणारं, भांडीकुंडी, दागिने, गुरंढोरं, पलंग, कपाट. लॅटिनमध्ये 'मोवेरे' म्हणजे हलवणं, त्यावरून 'मोबिलिस' म्हणजे हलवता येणारं, त्याचं फ्रेंचमध्ये झालं 'म्यब्ल', आणि सतराव्या शतकात ते जर्मनमध्ये आलं आणि झालं म्योबेल. आणि जे हलत नाही ते 'इमोबिलिएन', म्हणजे घर, जमीन, प्लॉट. तेव्हा घर शोधताना तुम्हाला जिकडेतिकडे इमोबिलिएन दिसतंय ते म्योबेलचं सख्खं भावंडच आहे, फक्त सुरुवातीला 'नाही' या अर्थाचा 'इम्' लागलाय. स्थावर आणि जंगम, इमोबिलिएन आणि म्योबेल. हे एकदा डोक्यात बसलं की पुन्हा विसरायला होत नाही, निदान माझ्या वर्गात तरी कोणी विसरलेलं नाही. आणि हो, हातातला मोबाईल आणि घर बदलताना बोलावतो ते पॅकर्स-मूव्हर्स, हेही त्याच 'मोवेरे'च्या वंशातले.

इथे मी स्वतः एकदा चांगली ठेचकाळलेय ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एक वसुलीचं कागदपत्र भाषांतराला आलं होतं, त्यात मोबिलिआरफोलश्ट्रेकुंग असा लांबलचक शब्द होता, आणि मी सरळ 'फर्निचरची जप्ती' लिहून मोकळी झाले, कारण मोबिलिआर म्हणजे घरातलं सामानसुमान हे मला माहीत होतं. ज्या वकीलबाईंसाठी ते काम होतं त्यांनी फोन करून विचारलं की अहो, फक्त टेबल-खुर्च्याच जप्त करणार का हे लोक, गाडी नाही, दागिने नाहीत? तेव्हा लक्षात आलं की कायद्याच्या भाषेत हा शब्द अजून आपल्या जुन्या, पूर्ण अर्थानेच जगतोय, म्हणजे सगळी जंगम मालमत्ता. रोजच्या बोलण्यात अर्थ आकसून टेबल-खुर्चीवर आला, कोर्टात तो आकसला नाही. त्या दिवसापासून शब्द ओळखीचा वाटला तरी तो कुठल्या खोलीत बसलाय हे बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

पण मग म्योबेल यायच्या आधी जर्मन लोक काय म्हणत होते? मला या सगळ्यात सर्वात सुंदर वाटतो तो शब्द इथे येतो, 'हाउसराट'. हाउस म्हणजे घर हे सोपं आहे, पण राट? आज राट म्हणजे सल्ला, आणि सल्ला देणारं मंडळही, म्हणून नगरपालिकेची इमारत ती राटहाउस. पण जुन्या जर्मनमध्ये राट म्हणजे तजवीज, सामग्री, बेगमी. साठवणीला फोरराट म्हणतात, पुढे लागेल म्हणून आधी केलेली बेगमी. अवजाराला, उपकरणाला म्हणतात गेरेट, तेही तिथलंच. आणि लग्नाला म्हणतात हाइराट, त्यातला पहिला तुकडा घर-कुटुंब या अर्थाचा आणि दुसरा हाच राट, म्हणजे लग्न म्हणजे मुळात संसाराची तजवीज. आपण 'संसार थाटला' म्हणतो आणि त्यात माणसं पण येतात आणि डबे-पातेली पण येतात ना, अगदी तसंच. हाउसराट हा शब्द मेलेला नाही, तुम्ही जर्मनीत गेलात की पहिल्या वर्षात कोणीतरी विचारेलच की हाउसराटचा विमा घेतलास का, तो हाच, घरातल्या सामानाचा विमा.

कायद्यात तर अस्सल देशी जोडीसुद्धा होती आणि आहे. जंगमला 'फारनिस', फारेन म्हणजे जाणं, प्रवास करणं त्यावरून, म्हणजे जी जाते ती वस्तू, आणि स्थावरला 'लिगेनशाफ्ट', लिगेन म्हणजे पडून असणं. जाणारं आणि पडून असणारं. स्वित्झर्लंडच्या दिवाणी कायद्यात फारनिस आजही छापलेला सापडेल.

आणि ही विभागणी पुस्तकी नव्हती, लोकांच्या जगण्यातली होती. मध्ययुगात जर्मन राजाला एक राजधानी अशी नव्हतीच. तो सगळा लवाजमा घेऊन एका फाल्त्सवरून दुसऱ्या फाल्त्सवर फिरत असायचा, फाल्त्स म्हणजे राजाचा मुक्कामाचा वाडा, आखेन, इंगेलहाइम, गोस्लार वगैरे. राजा पोचला की भिंतींवर पडदे चढायचे, घडीच्या खुर्च्या उघडायच्या, पेट्या उतरायच्या, आणि निघाला की वाडा पुन्हा ओका. त्यामुळे त्या काळात घरातली सर्वात मोलाची वस्तू म्हणजे 'ट्रूहे', झाकणाची मोठी लाकडी पेटी, आपल्या आजीच्या माहेरून आलेली पितळी कड्यांची पेटी आठवा. कपडे त्यात, चादरी त्यात, पैसे त्यात, वरती बसायचं पण, आणि निघायची वेळ आली की दोन माणसांनी दोन बाजूंनी उचलली की झालं.

या पेट्यांचा एक पुरावा मला फार आवडतो. साक्सनश्पीगेल नावाचा जुना कायद्याचा ग्रंथ आहे, आइके फॉन रेपगो याने साधारण 1220 ते 1235 च्या दरम्यान लिहिलेला. त्यात वारसाहक्कात 'गेराडे' नावाचा वेगळा भाग काढलाय, घरातलं जे सामान बाईचं समजलं जायचं ते सगळं, आणि ते तिच्यामागे मुलीकडे, मुलगी नसेल तर जवळच्या बायकी नात्यात जायचं. त्यात काय काय मोजलंय बघा, मेंढ्या, बदकाच्या जातीतले ते हंस, वर उचललेल्या झाकणाच्या पेट्या, सूत, अंथरुणं, उशा, चादरी, टेबलावरची कापडं, मेणबत्त्यांचे स्टँड, स्तोत्रांची पुस्तकं. स्त्रीधनाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी 'फर्निचर' अशी स्वतंत्र गोष्ट कोणाच्या डोक्यात नव्हती, पेटी आणि मेंढी एकाच यादीत, कारण दोन्ही बाईच्या वाट्याचं जंगम.

मग फ्रेंच शब्द कशाला हवा होता? तर 1618 ते 1648 असं तीस वर्षं चाललेलं युद्ध संपलं, देश पिळून निघालेला, आणि जर्मन दरबारांपुढे आदर्श होता फ्रान्सचा. कपडे तिथले, केस तिथले, बोलणं तिथलं, आणि घरात ठेवायच्या वस्तू पण तिथल्या. कोमोडे म्हणजे खणांचं ठेंगणं कपाट, तो फ्रेंच, मूळ अर्थ 'सोयीचं'. ब्युफे फ्रेंच, ब्युरो फ्रेंच, कानापे फ्रेंच. या लाटेत म्योबेल पण आला, आणि हाउसराट हळूहळू जुनाट, स्वयंपाकघराच्या वासाचा वाटायला लागला. आपल्याकडे 'सामान' म्हटलं की गाठोडं डोळ्यापुढे येतं आणि 'फर्निचर' म्हटलं की शोरूम, तसाच फरक.

बाकी युरोपातही याच 'मोबिलिस'च्या कुळातले शब्द आहेत, रशियन म्येबेल, पोलिश मेब्ले, तुर्की मोबिल्या, डच म्योबेल, स्पॅनिश म्वेब्लेस. वेगळी गेली ती इंग्रजी. तिने फर्निचर घेतलं, ते फ्रेंच 'फुर्नित्युर'वरून, ज्याचा अर्थ पुरवठा, लागणारी सामग्री. म्हणजे मजेची गोष्ट अशी की अर्थाच्या बाजूने आपण वापरतो तो 'फर्निचर' हा हाउसराटच्या जवळचा आहे, म्योबेलच्या नाही.

व्याकरणाचं विचारलं होतं की एकवचन कुठे गेलं. आहे, 'दास म्योबेल', पण सहसा कोणी वापरत नाही. एक नग म्हणायचा असेल तर म्योबेलश्ट्युक म्हणतात, श्ट्युक म्हणजे नग, तुकडा. परीक्षेत "आइन म्योबेल" लिहिलंत तर चूक नाही, पण कानाला खटकतं. क्रियापदं दोन लक्षात ठेवा, आउफम्योबेल्न म्हणजे जुन्यापान्याला नवं रूप देणं, तब्येतीबद्दलही चालतं, कॉफीने मला आउफम्योबेल्न केलं असं. आणि फरम्योबेल्न म्हणजे चक्क बदडून काढणं! तो अर्थ असा आला की आधी त्याचा अर्थ होता घरातलं सामान विकून फुंकून टाकणं, उधळणं, आणि मग तिथून घसरत घसरत मारहाणीवर आला.

आता एकेका वस्तूकडे, कारण खरी गंमत तिथे आहे आणि वर्गात यासाठी वेळच मिळत नाही.

कपाट म्हणजे 'श्रांक'. जुना अर्थ अडसर, कठडा, बंद केलेली जागा. रेल्वे फाटकाच्या आडव्या दांड्याला आजही श्रांके म्हणतात. हाताची घडी घालणं म्हणजे फरश्रेंकेन, मर्यादा घालणं म्हणजे आइनश्रेंकेन, आणि करवतीचे दात एक डावीकडे एक उजवीकडे वाकवतात त्याला सुतार म्हणतात श्रेंकेन, सगळीकडे आडवं-तिरपं घालून अडवणं. पंधराव्या शतकाच्या सुमारास बंद करून ठेवायच्या जागेवरून हा शब्द बंद करून ठेवायच्या वस्तूवर आला. आणि आता आपलं 'कपाट' बघा. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी, दार. केदारनाथचे कपाट उघडले अशी हिंदीत बातमी येते ती त्याच अर्थाने. मराठीत तेच दार घसरून दार असलेल्या वस्तूवर गेलं. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन भाषा, आणि दोघींनी अडवणाऱ्या फळीवरून आतल्या सामानाच्या वस्तूला नाव दिलं. हे मला पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत होते. फ्रिजला क्यूलश्रांक म्हणजे थंड कपाट म्हणतात हे तुम्हाला माहीतच असेल. दक्षिणेकडे आणि ऑस्ट्रियात मात्र कपाटाला कास्टेन म्हणतात, म्हणजे मूळचा पेटी, तिथे पेटीनेच उभं राहून कपाटाची जागा घेतली म्हणायचं.

टेबल म्हणजे 'टिश', आणि हा मूळचा लॅटिन 'डिस्कुस', थाळी. इंग्रजी डिश आणि डेस्क त्याचीच भावंडं. थाळीचं टेबल कसं झालं? रोमन लेखक टॅसिटस साधारण इसवी सन 98 मध्ये जर्मन टोळ्यांबद्दल लिहितो की जेवताना प्रत्येकाचं आसन वेगळं आणि प्रत्येकाचं टेबल वेगळं. म्हणजे एक मोठं टेबल नव्हतंच, प्रत्येकापुढे आपापली छोटी फळी, तीच थाळी तीच टेबल. पंगतीत प्रत्येकाला आपला पाट, आपलं पान, समोर चौरंग, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

बसायच्या बाकाला म्हणतात 'बांक', आणि पैशाच्या बँकेला पण बांक, फक्त अनेकवचन वेगळं, बाकांचं बेंके आणि बँकांचं बांकेन, हा हमखास परीक्षेत येणारा प्रश्न. कारण असं की हा जर्मन कुळातला शब्द इटलीत गेला, तिथे सराफ ज्या बाकावर पैसे मांडून बसायचे त्याला बांको म्हणायला लागले, आणि मग तो धंद्याचा शब्द होऊन युरोपभर फिरून जर्मनीत परत आला. पण याच्यापुढची गोष्ट आपली आहे. तोच शब्द पोर्तुगीज भाषेत पण गेला, आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला, आणि झाला शाळेतला 'बाक'. नंतर इंग्रजांबरोबर आली 'बँक'. म्हणजे शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा आणि बँकेत पासबुक भरायला गेलेले त्याचे बाबा, दोघं एकाच जुन्या जर्मन शब्दावर टेकलेत. जर्मनने बेंके-बांकेन वेगळे ठेवले, आपण बाक-बँक वेगळे ठेवले.

खुर्ची म्हणजे 'श्टूल', आणि आपलं 'स्टूल' त्याचं इंग्रजी भावंड. पॅथॉलॉजीत जी स्टूल टेस्ट होते त्या अर्थानेही जर्मनमध्ये श्टूलच म्हणतात, त्यामुळे वैद्यकीय रिपोर्ट भाषांतर करताना जपून. पोपच्या गादीलाही हाच शब्द आणि मागालाही, वेबश्टूल. ऑस्ट्रियाला जाणार असाल तर आणखी एक, जर्मनीत झेसेल म्हणजे हात असलेली ऐसपैस आरामखुर्ची, ऑस्ट्रियात झेसेल म्हणजे साधी खुर्ची, आणि आरामखुर्चीला ते फोटॉय म्हणतात. फोटॉय फ्रेंच, पण फ्रेंचांनी तो जुन्या जर्मनिक बोलीतून घेतलेला, मूळ अर्थ घडीची खुर्ची, वर राजाच्या लवाजम्यात आली ना तीच. व्हिएन्नातल्या दिवाणखान्यात ती फ्रेंच कपडे घालून परत आली.

सुतारकाम करणाऱ्यांसाठी थोडं, कारण 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार केल्यापासून आयटीआयची मुलं भाषा शिकायला येतायत. फर्निचर करणारा सुतार उत्तरेत आणि पूर्वेत टिशलर, म्हणजे टेबलवाला, आणि दक्षिणेत, पश्चिमेत श्राइनर, श्राइन म्हणजे पेटी-कपाट करणारा. काम एकच आहे. छपराची लाकडी कैची वगैरे करणारा तो त्सिमरमान, तो वेगळा व्यवसाय, वेगळं शिक्षण. व्युर्टेंबर्गकडे जाणाऱ्याने श्राइनर कानात बसवून जावं, आणि अनुभवाच्या दाखल्यात नुसतं 'सुतार' लिहून आणू नका रे बाबांनो, दारं-कपाटं केलीत की छपरं केलीत ते लिहून आणा, भाषांतर करणाऱ्याला शब्द त्यावरूनच निवडायचा असतो.

आता घर शोधण्याचं, ज्यासाठी हे सगळं विचारलं होतं. म्योब्लिएर्ट म्हणजे फर्निचरसकट, टाइलम्योब्लिएर्ट म्हणजे थोडं आहे थोडं नाही, उनम्योब्लिएर्ट म्हणजे रिकामं, आणि रिकामं म्हणजे कधीकधी इतकं रिकामं की स्वयंपाकघरात ओटा नाही, सिंक नाही, छताला दिव्याच्या जागी दोन वायरी लोंबतायत. आपल्या मुलांना हा धक्का बसतो, कारण आपल्या डोक्यात ओटा हा घराचाच भाग, स्थावर. तिथे बऱ्याचदा भाडेकरू स्वतः किचन बसवतो आणि जाताना उचलून घेऊन जातो. हे वाचताना म्योबेलचा मूळ अर्थ आठवा, जे तुमच्याबरोबर येतं ते.

आणि नेमकं इथेच तो शब्द आज पण वादात सापडतो. 1926 मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफुर्टच्या नव्या वस्त्यांसाठी एक स्वयंपाकघर आखलं, साधारण 1.9 बाय 3.4 मीटरचं, सगळं भिंतीला धरून, हात पुरेल तिथे खण, अशी जवळजवळ दहा हजार बसवली गेली. तिथून पुढे आइनबाउक्युशे, म्हणजे बांधून बसवलेलं किचन, हा प्रकार रुजला. पण बांधून बसवलेलं म्योबेल म्हणजे 'न हलणारं हलणारं', मग ते घराचं की माणसाचं? यावर जर्मनीत अगदी वरच्या कोर्टापर्यंत खटले गेलेत, आणि किचन घराबरोबर जातं की नाही याचं उत्तर त्या त्या भागातली रीत काय आहे यावरही अवलंबून धरलं गेलंय.

म्हणून माझं सांगणं एवढंच की जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' किंवा नुसतं 'ईबीके' लिहिलेलं असेल तर ते घरमालकाचं आहे की आधीच्या भाडेकरूचं हे आधी विचारा. भाडेकरूचं असेल तर तो 'आब्लोझे' मागेल, म्हणजे सामान मागे ठेवून जायचे पैसे. ते डिपॉझिट नाही आणि ते परत मिळत नाहीत, तुम्ही निघताना पुढच्या माणसाकडून मिळाले तर मिळाले. काय काय ठेवून चाललाय त्याची यादी लेखी घ्या, फोटो काढा, आणि भाडेकरारात त्यातली एकही वस्तू घरमालकाच्या नावावर लिहिलेली नाही ना तेवढं सही करायच्या आधी बघा.